रंगपंचमीनंतर भाच्याची लघवी काळ्या चहासारखी झाली: एमडी या नशेमुळे किडनी खराब होते का?

प्रश्न: रामबागची मावशी, इंदूर

नमस्कार. माझा २२ वर्षांचा भाचा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षांपूर्वी खंडव्याहून इंदूरला आला. भंवरकुआं भागात खोली घेऊन तो राहतो, आणि रविवारी व सणावाराला आमच्याकडे जेवायला असतो. यंदा रंगपंचमीला सकाळी तो मित्रांबरोबर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला गेला, दुपारी तेथूनच ते सगळे शहराबाहेरच्या एका फार्महाउसवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात जिन्याचा कठडा धरून उभा होता. मांड्या आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला पाटावर बसता येईना. रात्रभर नाचल्यामुळे अंग आंबले आहे, असे त्याने सांगितले आणि मला ते पटले. मी बाम चोळला, धने-जिऱ्याचे पाणी दिले, उन्हाळी लागली असेल म्हणून दिवसाला तीन-तीन शहाळी पाजली, आणि घरात होती ती दुखण्यावरची गोळी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शौचालयाच्या पांढऱ्या भांड्याला तपकिरी डाग दिसले. गेरमधला पक्का रंग अजून अंगावरून निघत असेल, असे समजून मी ब्रशने भांडे घासून स्वच्छ केले. दुपारी त्यात पुन्हा तोच रंग होता, दूध न घातलेल्या चहासारखा. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला आणि आम्ही त्याला रुग्णालयात नेले. क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) ४.२, पोटॅशियम ६.१ आणि सीपीके (स्नायूंना झालेली इजा दाखवणारा आकडा) ६२,००० निघाले. सहा दिवस सलाईन चालू होते. डायलिसिस थोडक्यात टळले.

डॉक्टरांनी पहिल्याच रात्री त्याला काही नशा केली होती का, असे विचारले. त्याने ‘जिममध्ये व्यायाम जास्त झाला’ असे सांगितले. चौथ्या रात्री, वॉर्डातले दिवे मालवल्यावर, त्याने माझ्याजवळ कबूल केले की फार्महाउसवर मित्राने दिलेली एमडीची पूड त्याने दोनदा नाकाने ओढली होती. डॉक्टरांना सांगू नकोस, असे त्याने हात जोडून सांगितले, आणि मी आजपर्यंत सांगितलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एमडीने किडनी खरोखरच खराब होते का, की कारण व्यायामच आहे? त्याच्या किडन्या पूर्वीसारख्या होतील का? ‘आजोबा आयुष्यभर होळीला भांग घेत होते, त्यांना काय झाले?’ असे तो विचारतो, आणि कोणती नशा किडनीला अपायकारक नसते, असेही त्याने एकदा विचारले. त्याला काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही. माझी बहीण पोलिसांच्या भीतीने गप्प आहे.

उत्तर १: सूक्ष्मदर्शी (निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, इंदूर)

ताई, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे काम केले. उपचारांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु त्या चहाच्या रंगाविषयी निश्चित सांगू शकतो.

अशी लघवी आमच्याकडे आली की प्रथम तिच्यात तपासणीची पट्टी बुडवतात. पट्टीवरचा रक्तासाठीचा चौकोन पाहता पाहता गडद हिरवा होतो, आणि नवशिका तंत्रज्ञ ‘लघवीत रक्त’ असे लिहून मोकळा होतो. आता तीच लघवी यंत्रात गरगर फिरवावी, तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तांबड्या पेशी जवळजवळ नसतातच. तपकिरी रंगाचे, मातीच्या नळीच्या तुकड्यांसारखे लांबट गोळे मात्र दिसतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये जे साचून घट्ट झाले, ते त्याच नळीचा आकार घेऊन बाहेर पडलेले असते. पट्टी रक्त आहे म्हणते आणि भिंग नाही म्हणते, तेव्हा ते बहुधा मायोग्लोबिन असते. हा स्नायूंतला, प्राणवायू साठवून ठेवणारा तांबडा पदार्थ आहे, आणि पट्टीला तो व रक्तातले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. तुमच्या भाच्याचे ६२,००० सीपीके हेच सांगते. निरोगी माणसाचे सीपीके साधारणपणे २०० च्या आत असते.

नशा आणि मूत्रपिंड यांचा विषय निघाला म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या मनातून जात नाही. रेल्वे स्टेशनवर राहणाऱ्या सुमारे १२ वर्षांच्या एका मुलाला दोघांनी उचलून आणले होते. त्याचे पाय लुळे पडले होते. कोणी मारले असेल, साप चावला असेल, असे तर्क चालले होते. रक्त घेण्यासाठी मी त्याच्यावर वाकलो तेव्हा त्याच्या मुठीतल्या रुमालाला पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनचा वास आला. पोटॅशियम १.९ निघाले, ते ३.५ च्या वर असायला हवे. सोल्यूशन आणि थिनर यांतल्या टोल्युइनमुळे मूत्रपिंडांची आम्ल बाहेर टाकण्याची शक्ती जाते, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते आणि हातपाय गळून पडतात. त्या मुलाचे क्रिएटिनिन जवळजवळ ठीक होते. केवळ त्या एका आकड्यावर विसंबणाऱ्याला त्याच्या मूत्रपिंडात बिघाड आहे हे कळलेही नसते. पोटॅशियम भरून काढल्यावर तो दोन दिवसांत आपल्या पायांनी चालत बाहेर गेला. पुन्हा स्टेशनवरच गेला असेल.

उत्तर २: मूत्रपिंडतज्ज्ञ, मूळचा इंदूरचा

ताई, भाच्याला जो आजार झाला त्याला आम्ही रॅब्डोमायोलिसिस म्हणतो. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांच्या आतले सर्व काही रक्तात येते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखाली तासन् तास हातपाय चिरडलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या दोघांनी १९४१ मध्ये याचे वर्णन केले. चिरडलेले पाय आणि बंद पडलेले मूत्रपिंड यांचा संबंध तेव्हापासून नीट कळू लागला. तुमच्या भाच्यावर भिंत पडली नाही, परंतु त्याच्या मूत्रपिंडांपुढे जे येऊन पडले ते तेच होते.

मायोग्लोबिन मूत्रपिंडाला तीन प्रकारे इजा करते. नलिकांमध्ये ते साकळून त्या बुजवते, त्यातले लोह नलिकांच्या पेशी जाळते, आणि मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरात पाणी कमी असेल आणि लघवी आम्लधर्मी असेल तर हे सर्व अधिक वेगाने होते. म्हणूनच पहिल्या तासांतले भरपूर सलाईन हाच मुख्य उपचार असतो.

एमडी की व्यायाम, या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्हींनी हा आजार होऊ शकतो. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका काढणाऱ्या धडधाकट तरुणालाही तो झालेला मी पाहिला आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक आहे. त्याने शरीराचे तापमान वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी धावते, आणि थकवा, भूक व तहान यांची जाणीव मंदावते. इतर वेळी स्नायूंनी ‘आता पुरे’ असे सांगितले असते, ते सांगणारा आवाजच बंद पडतो. सकाळी गेरमध्ये उन्हात नाचलेला, पुरेसे पाणी न प्यायलेला मुलगा रात्री एमडी घेऊन आणखी सहा तास नाचला, यात व्यायाम किती आणि एमडी किती याची वाटणी करता येणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. रात्री त्याला थांबू दिले नाही ते एमडीने.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी वाचून तुम्ही स्वतःला दोष देऊ नये, कारण शंभरातल्या नव्वद घरांत हेच झाले असते. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या, मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जी यंत्रणा शरीरात असते, तिलाच रोखतात. एरवी निरोगी माणसाला याचा फटका सहसा बसत नाही. पाणी कमी पडलेल्या, मायोग्लोबिनने बुजत चाललेल्या मूत्रपिंडाला बसतो. शहाळ्याचे तसेच आहे. एका शहाळ्याच्या पाण्यात अंदाजे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. फुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात ओतले जात असताना आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसताना तीन शहाळी म्हणजे भर. पोटॅशियम ६.५ च्या वर गेले की हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात. तुमच्या भाच्याचे ६.१ वर थांबले, आणि तुम्ही त्या दुपारी भांडे पुन्हा घासत न बसता त्याला रुग्णालयात नेले, हे फार मोठे काम झाले.

डॉक्टरांपासून लपवल्याने काय होते, तेही सांगणे आवश्यक आहे. व्यायामाने झालेला आजार समजून उपचार करणारा डॉक्टर सलाईन देईल, तेवढे बरोबरच होईल. परंतु उत्तेजक घेतले आहे हे कळले तर तो तापमान, रक्तदाब आणि हृदयाचा आलेख वारंवार पाहील आणि रक्तदाब उतरवण्याचे औषध निराळ्या विचाराने निवडेल. एक्स्टसी या दुसऱ्या पार्टीतल्या नशेच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये उलट धोका असतो. ते औषध शरीरात पाणी धरून ठेवते, वरून माणूस भीतीने लिटरच्या लिटर पाणी पितो, सोडियम घसरते आणि झटके येतात. अशा रुग्णाला न विचारता, रक्त न तपासता पाणी पाजत राहिले तर हानी होते. शिवाय पुडीत एमडीच होते याची खात्री कोणाला आहे? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यातून ९०० किलोंहून अधिक एमडी पकडले गेले. अशा ठिकाणी तयार झालेल्या मालात काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कोणती नशा मूत्रपिंडाला अपायकारक नसते, या प्रश्नाचे उत्तर मी भाच्यालाच उद्देशून लिहितो, कारण प्रश्न विचारला आहे तर त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे. कोकेन मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब एवढा चढवते की कधी मूत्रपिंडाचा एखादा भाग रक्ताविना मरतो. कोकेनमध्ये जनावरांचे जंतावरचे औषध, लेव्हामिसोल, कधी कधी मिसळलेले असते, त्याने रक्तवाहिन्यांना सूज येणारा वेगळाच आजार होतो. स्मॅक, म्हणजे हेरॉइनची पूड, घेऊन एका कुशीवर आठ-दहा तास निपचित पडलेल्या माणसाचे, स्वतःच्याच वजनाखाली दबलेले स्नायू मरतात, आणि तो त्याच चहाच्या रंगाच्या लघवीने आमच्याकडे येतो. शिरेत टोचून घेणाऱ्यांचे नुकसान सावकाश होते. एका सुईने तिघांनी टोचले की कावीळ ‘सी’ आणि एचआयव्ही पसरतात, आणि हे दोन्ही विषाणू मूत्रपिंडाची गाळणी खराब करतात. टोचून टोचून ज्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे पू होणाऱ्या जखमा राहतात, त्यांच्या मूत्रपिंडांत अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन साठत जाते. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, आणि तेथून परत फिरण्याची वाट फार अरुंद असते. कावीळ ‘सी’ मात्र आता गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळतात, हे ज्याने कधीकाळी सुई वापरली असेल त्याला अवश्य सांगा.

राहिली आजोबांची भांग. साध्या भांगेने मूत्रपिंड थेट खराब होते, असे मी म्हणणार नाही. जे खरे नाही ते सांगून मुलाचा विश्वास गमावण्यात काय अर्थ आहे? भांग-गांजाच्या रोजच्या सेवनाने काहींना उलट्यांचा असा विकार जडतो की पाणी टिकत नाही आणि त्यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो, एवढे खरे. परंतु गांजासारखी म्हणून विकली जाणारी कृत्रिम रसायने फवारलेली पाने अगदी निराळी असतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील सहा राज्यांत ती ओढणाऱ्या १६ जणांची मूत्रपिंडे अचानक बिघडली आणि त्यांपैकी पाच जणांना डायलिसिस करावे लागले. ते सगळे १५ ते ३३ वर्षांचे होते. आजोबांच्या भांगेशी एमडीची तुलना होऊ शकत नाही. आजोबांना आपण काय घोटत आहोत, हे माहीत होते.

मूत्रपिंडे पूर्ववत होण्याची शक्यता चांगली आहे. या आजारातून वाचलेल्यांपैकी बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत सुधारतात. परंतु क्रिएटिनिन उतरले म्हणजे सर्व मिटले, असे समजू नका. दोन्ही मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ती गेल्याशिवाय तो आकडा ठळकपणे वाढतच नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करून घ्या, रक्तदाब मोजा, आणि पुढे वर्षातून एकदा हे करत राहा. तोपर्यंत दुखण्याच्या गोळ्या, प्रोटीन पावडर आणि जिम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकदा अशी इजा झालेल्या मूत्रपिंडाला दुसरा धक्का पहिल्याइतका सहज पचत नाही.

उत्तर ३: दर_वीस_मिनिटांनी

मावशी, मी इंदूरचाच आहे. बंगळुरूला नोकरीला असताना दोन वर्षे शनिवार-रविवार केटामाइन घेत होतो. हे भूल देण्याचे औषध आहे, डॉक्टरच वापरतात, म्हणून सुरक्षित असणार, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. मूत्राशयाला त्याने काय होते, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. केटामाइनचे अवशेष लघवीतून जाताना मूत्राशयाचे आतले अस्तर सोलून काढतात. सामान्य माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी राहते, माझ्या मूत्राशयात ६० राहू लागली. दर वीस मिनिटांनी उठावे लागे, लघवीत रक्ताच्या गाठी येत, आणि वेदना इतकी की ती थांबवण्यासाठी मी पुन्हा केटामाइनच घेत होतो. यातून बाहेर पडणे मला म्हणूनच सर्वांत कठीण गेले. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसली, कारण मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या आकसल्यामुळे लघवी मागे तुंबत होती. मूत्रपिंडांना केटामाइनने हात लावला नव्हता, खालची वाट बंद केली होती. सोडून आता तीन वर्षे झाली. मूत्रपिंडे बचावली. मूत्राशय अजून दीड तासाचा आहे; इंदूर ते खंडवा बसने एका दमात जाता येत नाही.

भाच्याशी बोलायला हवे असेल तर सांगा, मी घरी येईन. मला चार महिने वेगवेगळ्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाच्या संसर्गाची औषधे दिली, कारण मी एकालाही खरे सांगितले नाही.

प्रश्नकर्ती: रामबागची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे भाच्याला मोठ्याने वाचून दाखवले. शहाळ्यांचा भाग आला तेव्हा मला पुढे वाचवेना, तर त्यानेच मोबाइल हातात घेतला आणि उरलेले स्वतः वाचले. डॉक्टरसाहेब, एकच विचारते. खरे सांगितले तर पोलीस घरी येतील का? बहिणीला तेवढीच धास्ती आहे.

मूत्रपिंडतज्ज्ञ, मूळचा इंदूरचा

ताई, रुग्ण आपल्या डॉक्टरांना जे सांगतो ते गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. विषबाधा म्हणून दाखल झालेल्या गंभीर रुग्णाची रुग्णालयाला मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवण्याची, नोंद करावी लागू शकते, हे मी लपवत नाही. परंतु बाह्यरुग्ण विभागात फेरतपासणीला गेलेल्या मुलाने मागची खरी हकीकत सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. कायद्यानेही उपचाराची वाट मोकळी ठेवली आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ जवळ बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. भाच्याला व्यसन आहे की तो एकदाच घसरला, हे ठरवण्यासाठीसुद्धा कोणाशी तरी बोलणे बरे. १४४४६ या केंद्र सरकारच्या विनामूल्य व्यसनमुक्ती दूरध्वनीवर नाव न सांगताही बोलता येते.

प्रश्नकर्ती: रामबागची मावशी

आज फेरतपासणी झाली. क्रिएटिनिन १.३ आहे. डॉक्टरांच्या खोलीबाहेर माहितीचा कागद भरायचा होता. त्यात ‘आजार कशामुळे’ या ओळीपाशी भाच्याचे पेन बराच वेळ थांबले. मी खिडकीकडे पाहत बसले. कागद परत करताना मला दिसले की त्याने ‘व्यायाम’ असे लिहून ते खोडले होते आणि पुढे एमडी, दोन वेळा, तारीख, आणि दोन दिवस घेतलेल्या गोळीचे नाव असे सगळे लिहिले होते. डॉक्टरांनी कागद वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि मला बाहेर बसायला सांगितले. ते दोघे अर्धा तास बोलत होते. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, अल्ब्युमिनसह. ‘दर_वीस_मिनिटांनी’ यांना मी खासगी निरोप पाठवला आहे. रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या, तोही असेल.